नाकासमोर

माणसाला नाक दिले आहे ते बहुधा दुसऱ्याच्या कारभारात खुपसण्यासाठी. नाकाने काम करावे ते कुत्र्यानेच. कुत्र्यांच्या माग काढण्याच्या परीक्षा असतात आणि त्यांचे नियम लग्नाच्या यादीहून काटेकोर असतात, हे मला बऱ्याच उशिरा कळले. अमेरिकेतल्या केनेल क्लबाने ही परीक्षा १९३६ पासून घेतली आणि १९४७ साली तिला स्वतंत्र पदवी दिली. पहिल्या पायरीचा माग ४४० ते ५०० यार्डांचा, ३ ते ५ वळणांचा. कुणी परका माणूस तो चालून जातो आणि शेवटी एक हातमोजा किंवा पाकीट टाकतो. मग अर्ध्या तासानंतर, पण दोन तासांच्या आत, कुत्र्याला मागावर सोडायचे. युरोपातल्या परीक्षेत तर १०० गुणांचा हिशेब. वरच्या पायरीला ६०० पावलांचा, तासाभरापूर्वीचा माग आणि त्यावर ३ वस्तू. वस्तू सापडली की कुत्र्याने तिथेच बसावे, आडवे व्हावे किंवा उभे राहावे, आणि धन्याने ती हात वर करून पंचांना दाखवावी.

पण नियम वाचत गेलो तसे लक्षात आले की, यातले निम्मे नियम कुत्र्यासाठी नाहीतच. ते धन्यासाठी आहेत. अमेरिकेतल्या परीक्षेत दोर २० ते ४० फूट लांब, आणि धन्याने निदान २० फूट मागे राहायचे. वाट दाखवायची नाही. दोराला सूचक हिसकासुद्धा द्यायचा नाही. तशी वाट दाखवली की कुत्रा नापास! वरवर हे कठोर वाटते. पण कुत्र्याला धन्याची मर्जी राखायची भारी हौस. आपल्या मनात ‘तो चिंचेकडे गेला असेल’ असे आले की हाताला ताण येतो, तो दोरातून पोचतो, आणि कुत्रा आनंदाने चिंचेकडे वळतो. म्हणून माग हरवला तर धन्याने असेल तिथे गप्प उभे राहायचे. कुत्रा गोल गोल फिरेल, मान वर करील, पुन्हा खाली घालील. त्याच्या शेपटीकडे पाहत राहणे एवढेच आपले काम. गप्प उभे राहण्याची परीक्षा घेतली तर आपल्यापैकी कितीजण उत्तीर्ण होतील, देव जाणे!

पुढच्या पायरीचा माग ३ ते ५ तासांपूर्वीचा. तो पडल्यावर दुसरी माणसे मुद्दाम त्याला दोन ठिकाणी आडवी जातात. कुत्र्याने त्या ताज्या वासाला भुलता कामा नये. या नियमापाशी मी अडलो आणि मला आमचा कोंढा आठवला.

कोंढा म्हणजे भंडारा जिल्ह्यातले, पवनी तालुक्यातले गाव. मुंबईत १९५९ साली तीन डॉबरमन घेऊन पोलिसांचे श्वानपथक निघाले. पुढे अशा कुत्र्यांची कीर्ती वर्तमानपत्रांतून आमच्यासारख्या गावांपर्यंत आली. प्रत्यक्ष कुत्रा आला १९७४ च्या हिवाळ्यात. धान कापून झाले होते. एका घरातून दागिन्यांची पेटी गेली आणि गोठ्यामागे फुटकी सापडली. कुत्रा येईपर्यंत अर्ध्या गावाने ती पेटी हाताळली होती. हळहळताना हात लावल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. दव पडले होते, माती ओली होती. वास धरून ठेवायला तशी जमीन फार चांगली. कुत्र्याने पेटी हुंगली, दोन बांध्या ओलांडल्या, धुऱ्यावरून वळला आणि गुराख्याच्या दारात जाऊन बसला.

हवालदार म्हणाले, “कुत्रा कुठं बसला तेवढं मी लिहितो. चोर कोण ते तो सांगत नाही.” त्यांचे हे बोलणे ऐकायला कुणाला सवड होती? ओसरीवरची एक म्हातारी तेवढ्यात बोलून गेली, “मुक्या जनावराले कोनासंग वैर रायते का बाप्पा?” झाले! निकाल लागला.

कुत्रा चुकला असे मी म्हणत नाही. गुराखी रोज पहाटे त्याच गोठ्यातली गुरे सोडी, त्याच धुऱ्यावरून घरी भाकर खायला जाई. चोराच्या मागावर त्याचा ताजा माग आडवा पडला होता. परीक्षेत जे अवघड म्हणून मुद्दाम मांडतात, ते आमच्या गावात रोज उजाडताच मांडलेले असे. घराची झडती झाली. काही मिळाले नाही. पोलिसांनी त्याला धरलेही नाही. पण एकेका घराने आपली गुरे त्याच्याकडून काढून घेतली. नाकासमोर चालणारा माणूस, भांडलासुद्धा नाही. होळीच्या आधी बायकामुलांना घेऊन तो गाव सोडून गेला. खरा चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार यांच्या, सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदवून ठेवले आहेत. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने सांभाळणारा बोलतो, म्हणजे ती ऐकीव गोष्ट. आणि माणसाचे जीवित नि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवू नये. त्या खटल्यात दुसरा पुरावा पुरेसा होता, म्हणून न्यायालयाला या प्रश्नाचा अखेरचा निवाडा करावा लागला नाही. निकाल १९६९ चा. म्हणजे आमच्याकडच्या चोरीच्या पाच वर्षे आधीचा. कोंढ्यात तो कुणी वाचला नव्हता.