आकाश कळलं, डोंगर राहिला

विज्ञानाचं पुस्तक वाचून गळा दाटून येतो, असं आमच्या तुडील गावात कुणाला सांगितलं तर तो आधी तब्येतीची चौकशी करील. पण माझा दाटलेला आहे. देवयानी दीर्घिकेचा जो उजेड आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तिथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो, एवढंच त्या पुस्तकातलं वाक्य होतं. विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही. तो उजेड निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर जन्मालाच आला नव्हता. पुढे एकदा थंडीच्या दिवसांत, अमावास्येच्या आसपास लाईट गेली, तेव्हा खळ्यात उभं राहून मी तो पुसट ठिपका शोधला आणि बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

हे वेड लावलं खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजहून आलेला, जगानं वाखाणलेला माणूस आपली मराठी आपल्या नावाच्या टेकूशिवाय उभी राहते का, हे तपासून बघतो! वाचकाचा याहून मोठा मान मी पाहिलेला नाही. ‘अद्भुत’, ‘थक्क करणारं’ असले शब्द पेरणाऱ्यांना तो मान ठेवता येत नाही. वाचकानं थक्क व्हायच्या आधी तेच होऊन बसतात.

पण गळा दाटतो तो नुसत्या आश्चर्यानं नाही. २५ जुलै २००५ ला आमच्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेलं. ऐंशीहून अधिक माणसं. आमचे हे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, थरावर थर बसलेले. वरचा थर उन्हापावसानं कुजून माती होतो, खालचा खडक घट्ट. अतिवृष्टीत पाणी फटींतून मुरतं, घट्ट खडकापाशी अडतं, मातीचं वजन वाढतं, आतल्या पाण्याच्या दाबानं तिची पकड सुटते. उतारावर नवी भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आलं, तर डोंगर सांगत असतो.

यात कळायला अवघड असं काय आहे? तरी आमच्या खाडीपट्ट्यातल्या कुठल्या म्हातारीला हे मी वाचून दाखवावं, असं पुस्तक मला सापडलेलं नाही. अहवाल होतात, त्यांत उताराचे अंश असतात, पण रात्री पाऊस वाढला की पोरांना उठवून घराबाहेर काढणारी आई नसते. भीतीसुद्धा नीट लिहावी लागते, नाहीतर तिची अफवा होते.

२५ लाख वर्षांपलीकडचा उजेड मराठीत आमच्या दारापर्यंत आला. परसातला डोंगर अजून यायचा आहे. भूशास्त्र शिकवणाऱ्या मंडळींनी तो लिहावा, आणि पहिली प्रत पावसाच्या आधी, मे महिन्यात, गावात पोचेल असं बघावं.