तिकिटामागची बाकी

कंडक्टरमामा माझे सख्खे मामा नव्हेत. एस.टी.तून निवृत्त होऊन ते कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी, कयाधूकाठी राहायला आले तेव्हा मी अकरावीत होतो. गाव त्यांना तोंडावर मामा म्हणे आणि पाठीमागं येडं. कारण हा माणूस ऐन उन्हाळ्यात सकाळी नदीत उतरून लोकांचा कचरा उचलायचा.

उन्हाळ्यातच का, तर तेव्हा कयाधू डबक्यांपुरती उरते आणि वर्षभराचं सगळं उघडं पडतं. झुडपांच्या मुळांना गुंडाळलेल्या साड्या, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या काचेचे देवांचे फोटो, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. पहिला पूर आला की हे सगळं निघालंच पुढं. मामा तो रस्ता गाडीची पाटी वाचावी तसा सांगत : "कयाधूतून पैनगंगा, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी, अन् शेवटी बंगालचा समुद्र. थेट गाडी हाय बाबा. इथं उतरवलं तर उतरलं."

मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो तो घरी बसून अभ्यास करावा लागू नये म्हणून. त्यांच्याकडे बांबूला बांधलेली सळईची आकडी असे आणि खांद्यावर खताचं रिकामं पोतं. पहिला धडा न उचलण्याचा होता. औषधाच्या बाटलीला उघडा हात लावायचा नाही. आकडीनं ओढायची, बुडाला भोक पाडायचं, बाजूला ठेवायची. भंगारात ती त्यांनी कधीच घातली नाही. "कुणीतरी धुऊन गोडं तेल भरतंय तिच्यात," एवढंच कारण. निर्माल्याची पिशवी सोडून फुलं झाडाच्या बुडाशी आणि पिशवी पोत्यात. यावरून एका म्हातारीनं त्यांना भर पाणवठ्यावर झापलं. मामांनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आक्का, देवाला कॅरीबॅग कशाला लागती?"

उरलेलं प्लास्टिक, पत्रा कळमनुरीच्या भंगारवाल्याकडे जाई. त्या पैशांतून हातमोजे येत. आमचं सोयाबीन काढणीच्या पावसात भिजलं त्या वर्षी माझ्या परीक्षेचा फॉर्मही त्यातूनच भरला गेला. मामांनी एका जुन्या तिकिटाच्या पाठीवर रक्कम लिहून ते माझ्या हातात दिलं. सुट्टे नसले की कंडक्टर प्रवाशाची बाकी अशी लिहून देत. इथं बाकी माझ्याकडे निघत होती.

नोकरी लागल्यावर फेडायला गेलो. वाटलं होतं, नको म्हणतील, पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, "लई उशीर केलास" म्हणाले, तिकीट फाडलं आणि त्या पैशाचे गमबूट आणले. मला जरा लागलंच. पण पैसा नदीचा होता. तो सोडून द्यायला मामा कोण?

ती बाकी फिटली, दुसरी चालूच आहे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मी जमेल तेव्हा जातो. अफरोझ शाह यांनी २०१५च्या ऑक्टोबरात तिथं सफाई सुरू केली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं त्यांना गौरवलं, आणि २०१८च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. कॅमेऱ्यांना पिल्लं आवडतात. पोत्यांकडे कोण बघतो! तिथं एखादा कॉलेजचा पोरगा अनोळखी बाटलीला हात घालायला लागला की माझ्या तोंडून "थांब, आधी बघ" निघतं, तेही अस्सल कळमनुरीच्या हेलात. पोरं हसतात, पण थांबतात.

२०२२ साली सरकारचं 'चला जाणूया नदीला' अभियान निघालं, त्यात कयाधूचंही नाव होतं. ती बातमी सांगायला मामांना फोन केला. "बरं झालं, साहेब लोक उन्हाळ्यात येऊ दे म्हणा," म्हणाले. वर्सोव्याचंही सगळं सांगितलं : माणसं, वाळू, कासवं. अरबी असो नाहीतर बंगालचा, समुद्र मामांनी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् भंगाराला काय भाव देतेत रे तिकडं?"