आईही विसरते तेव्हा

विस्मरणाचा आजार एकट्या रुग्णाला होत नाही, तो सगळ्या घराला होतो. माझी आई मूळची नगरकडची, लग्न होऊन इंदूरला आली. आमच्या ख्रिस्ती घरात रात्रीच्या जेवणानंतर उपासना व्हायची. आई पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायची आणि आम्ही भावंडं पेंगत ऐकायचो. आता तिला त्यातलं काही आठवत नाही. मीही आठवत नाही. "माझी मुलगी फार हट्टी होती हो," असं ती मलाच सांगते.

बाबा गेल्यावर माझं लहानपण जाणणारी तीच उरली होती. तेही पुसलं गेलं, हे दुःख होतंच. पण त्याहून मोठा प्रश्न छळत होता. जिला देवाचं नावही आठवत नाही, तिच्या आयुष्यभराच्या विश्वासाचं काय?

उत्तर त्याच शास्त्रात सापडलं. यशयाच्या ४९व्या अध्यायात, देव आपल्याला विसरला असं म्हणणाऱ्या सीयोनेला तो विचारतो, आई तान्ह्या बाळाला विसरेल का? इथे 'कधीच नाही' असं उत्तर येईल, असं आपल्याला वाटतं. शास्त्र मात्र खोटा धीर देत नाही. आईसुद्धा विसरू शकते, हे ते मान्य करतं. आपण मात्र विसरणार नाही, तुला तळहातांवर कोरलं आहे, असं देव सांगतो.

१३९व्या स्तोत्राची मला लहानपणी धास्ती वाटायची. आपलं उठणं-बसणं, ओठांवर न आलेला शब्द, सगळं ठाऊक असलेला देव म्हणजे जणू कडक हेडमास्तर! स्तोत्रकर्त्यालाही पळून जाण्याच्या जागा सुचतात: आकाश, अधोलोक, समुद्राचं टोक, काळोख. पण समुद्रापलीकडेही देवाचाच हात त्याला धरून असतो. म्हणूनच २४ ओव्यांच्या या स्तोत्राच्या शेवटी तो आपणहून म्हणतो, माझं मन तपासून पाहा. ज्याचा धाक वाटावा, त्याचाच आता आधार वाटतो. आईच्या उदरात असल्यापासून मला जाणणारा कोणीतरी आहे, म्हणजे माझं लहानपण हरवलेलं नाही.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात पौल एक सुंदर दुरुस्ती करतो. तुम्ही देवाला ओळखता, असं लिहिता लिहिता तो थांबतो आणि म्हणतो, किंबहुना देवानेच तुम्हाला ओळखलं आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या 'किंबहुना'त आहे. विश्वास आपल्या स्मरणशक्तीवर टांगलेला असता, तर आईजवळ आज काहीच उरलं नसतं. पण दोरी धरणारा हात तिचा नव्हताच.

आईला स्वतःचं नाव सांगता येत नाही. ते ज्याला ठाऊक असायला हवं, त्याला ठाऊक आहे. एवढ्या भरवशावर मी रात्री दिवा मालवते आणि मला झोप लागते.