दुसरा कोस

लेंट सुरू झालं की आई चहातली साखर बंद करायची. राखेचा बुधवार ते ईस्टर, मधले रविवार सोडून चाळीस दिवस. साखरेचा स्टीलचा डबा फडताळात मागे सरकायचा आणि त्याच्या जागी चर्चमधून आलेलं पाकीट उभं राहायचं. त्यात ती रोज सुटे पैसे टाकायची. पहिला आठवडाभर चहा पिताना ती असं तोंड करायची की आम्ही भावंडं हसायचो. दुसऱ्या आठवड्यात तोंड सरळ व्हायचं आणि मग त्या चहात आम्हाला काही राम वाटायचा नाही. (वाक्प्रचार आमच्या ख्रिस्ती घरातही हाच.)

कॉलेजात गेल्यावर मला या साखर-त्यागाचं हसू यायला लागलं. कुठे तो वधस्तंभ आणि कुठे दोन चमचे साखर! पुढे मुक्तिफौज या ख्रिस्ती संस्थेची एक गोष्ट वाचली आणि हसू जरा आवरतं घेतलं. १८८६ साली जनरल विल्यम बूथ यांनी परदेशातल्या कामासाठी पैसा मागितला, तेव्हा जॉन कार्लटन नावाच्या त्यांच्या एका अधिकाऱ्याने हिशोब मांडला, की वर्षभर जेवणानंतरचं पुडिंग खाल्लं नाही तर ५० शिलिंग वाचतील. बूथ यांना वाटलं, एकट्याने वर्षभर कशाला, सगळ्यांनी मिळून एक आठवडा काहीतरी सोडू या. त्यातून आत्मत्यागाचा सप्ताह निघाला, तो आजही चालतो. एका माणसाच्या पुडिंगातून दवाखाने आणि शाळा उभ्या राहिल्या म्हटल्यावर साखरेला नावं कशी ठेवणार?

तरी एक गोष्ट खटकायचीच. साखर काय, पुडिंग काय, सोडायचं ते आपण निवडतो, कधीपासून कधीपर्यंत तेही आपणच ठरवतो. आणि जे आपण निवडलेलंच नाही, ते?

उत्तम शुक्रवारी आमच्या नगरच्या चर्चमध्ये दुपारी तीन तासांची उपासना असते. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यांत एक माणूस जेमतेम एका ओळीपुरता येतो, कुरेनेचा शिमोन. शेतावरून येत होता. आलेक्सांद्र आणि रूफस यांचा बाप, एवढी ओळख मार्क देतो. वाटेत शिपायांनी त्याला धरलं आणि येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. त्याने हात वर केला नव्हता. त्याला वेठीस धरलं. मराठी बायबलात शब्दच तो आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पाटलाच्या, सरकारी साहेबाच्या ओझ्याखाली इथल्या किती पिढ्यांचे खांदे गेले. रोमी शिपाई वाटेवरच्या कुणालाही असं धरू शकत. येशू डोंगरावर शिकवताना जे म्हणाला, की कुणी वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, तिथेही मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. (मूळचा रोमी मैल दीडेक किलोमीटरचा, आपला कोस त्याच्या दुपटीच्या आसपास. मराठी ख्रिस्ती माणसाला जरा जास्तच चालावं लागतं.)

पहिला कोस वेठीचा असतो, त्यात पुण्य कसलं? शिमोन दुसरा कोस चालला की नाही ते शुभवर्तमान सांगत नाही. पण मार्कला त्याच्या मुलांची नावं माहीत होती. म्हणजे मार्कच्या वाचकांत ती मुलं ओळखीची असावीत. यावरून जे काय समजायचं ते मी समजते.

लक्ष्मीबाई टिळकांचं काय झालं? नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा नवऱ्याची, आणि फरफट बायकोची. पुढे नवऱ्याबरोबर राहायला आल्यावरही त्यांनी आपली चूल, आपलं पाणी, आपलं सोवळं काही काळ वेगळंच ठेवलं. तेवढा कोस वेठीचा. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर ही बाई आपल्या हालांची आरती करत नाही. हसून सांगते आणि पुढे चालू लागते.

आमच्या घरात वेठ आली ती आजीच्या रूपाने. वडिलांची आई. लकव्याने उजवी बाजू गेली, आणि आई ज्या बाईला पंधरा वर्षं वचकून होती ती एकाएकी तिच्या हातात आली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, चादरीची एक सुरकुतीही राहू द्यायची नाही, नाहीतर कातडी सोलवटते. रात्री दोनचा गजर. मी अर्धवट झोपेत ऐकायचे, “आत्याबाई, भिंतीकडे तोंड करायचं आता,” आणि खाटेची करकर. आजी बऱ्या हाताने कधी आईचा पदर धरायची, कधी तिला चिमटा काढायची. चिमटा काढला तरी आई हात सोडवून घ्यायची घाई करत नसे.

शेजारच्या काकू एकदा कळवळून म्हणाल्या, “हा तुझा वधस्तंभ आहे गं.”

“म्हातारं माणूस आहे, काकू, लाकूड नाही,” आई फटकन बोलली. ती एरवी कुणाला उलटून बोलत नसे.

वधस्तंभ हा शब्द दुसऱ्याच्या आयुष्याला चिकटवणं फार सोपं असतं. दारुड्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईला “सोस, हा तुझा वधस्तंभ” असं सांगणारे मी मंडळीत पाहिले आहेत, आणि अशा वेळी मला संताप येतो. वेठ लादणारा कधी दुसरा कोस मागू शकत नाही. तो ज्याचा त्याने द्यायचा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांनी त्यांना सोसण्याची शिकवण दिली नाही. अन्न दिलं, छप्पर दिलं, कामं शिकवली. सोसलं ते रमाबाईंनी, आणि तेही आपखुशीने.

आजी गेली ती लेंटमध्येच, उत्तम शुक्रवाराला दोन आठवडे असताना. पुरून आलो त्या रात्री घरभर पाहुणे होते. मला जाग आली ती कसल्या तरी सवयीने. गजर कुणी लावला नव्हता. स्वयंपाकघरात दिवा होता. आई स्टोव्हजवळ पाटावर बसली होती, समोर चहाचा कप, आणि फडताळातून पुढे काढलेला साखरेचा डबा, झाकण उघडं.

“लेंट आहे ना गं?” मी विचारलं.

“असू दे,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठीही अर्धा कप ओतला.