उसनी ढाल

सर्दीला आपण आजार मानतच नाही. आल्याचा चहा, वाफारा, रात्री छातीला बाम, की झालं! पण हीच सर्दी दीड महिन्याच्या बाळाच्या छातीत उतरली की काय होतं, ते गेल्या हिवाळ्यात लेकीकडे भोपाळला पाहिलं. थोरला नातू शाळेतून शिंकत आला. चार दिवसांत घरातले सगळेच नाक पुसू लागले आणि धाकटीनं दूध सोडलं. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायचा. तीन रात्री ती ऑक्सिजनवर होती.

तपासणीत ‘आरएसव्ही’ नावाचा विषाणू निघाला. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो गाठतो. मग आम्हाला नुसत्या शिंका आणि तिला ऑक्सिजन, असं का? डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मोठ्यांच्या शरीरानं हा शत्रू अनेकदा पाहिलेला असतो. नाकातली प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात, म्हणून सर्दी पुन्हा होते. पण रक्तातली प्रतिपिंडं आणि पेशींची स्मृती त्याला सहसा फुप्फुसात उतरू देत नाहीत. तान्ह्या बाळाला ही स्मृतीच नसते. असते ती आईच्या रक्तातून वारेवाटे आलेली उसनी ढाल, तीही महिन्यागणिक विरत जाणारी. त्यात श्वासनलिका इवल्याशा. सूज, चिकट स्राव, मेलेल्या पेशी आणि लढायला धावून आलेल्या पांढऱ्या पेशी यांच्या गाळानं त्या बुजतात. म्हणजे बाळ गुदमरतं त्यात लढाईचाही वाटा असतो!

लांबलेल्या बारशाला विहीणबाई आल्या, त्या नाक चोंदलेल्या. मुलीची आई असूनही मी म्हटलं, ‘‘ताई, चार दिवस लांबूनच बघा हो.’’ त्यांना ते लागलं. तरी हात साबणानं धुऊन, तोंडाला पदर लावून त्यांनी पाळण्याची दोरी ओढलीच.

शरीराला चुकीचा धडा मिळाला तर काय होतं, हेही याच विषाणूनं दाखवलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांना त्याची लस टोचली. प्रतिपिंडं झाली, पण विषाणूला नीट निकामी करणारी नव्हेत. पुढे खरी लागण झाली तेव्हा लस घेतलेली मुलंच जास्त आजारी पडली, दोन दगावली. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं याची लस बाजारात आली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली एक लस गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला देतात. टोचायचं आईला आणि ढाल भक्कम व्हायची बाळाची! ही युक्ती मला फार आवडली.

आमच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना आहे. तिच्या पुढच्या तपासणीला मीही जाणार आहे, या लशीचं विचारायला.