खोली एकेकाची, की दालन सगळ्यांचे?

"सर्व्हर डाऊन आहे हो, दुपारनंतर या." हे वाक्य ऐकले नाही असा गोंयकार विरळा. मी तर ते बोलणाऱ्यांच्या बाजूचा. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कारकुनाला डेटाबेसच्या पोटात डोकावायचे खरे तर कारण नव्हते; पण समोरच्याला काय सांगतो आहोत ते आपल्याला तरी कळावे, म्हणून मी विचारत विचारत शिकलो.

मंडळी, डेटाबेसला जोडले गेलो की आपले एक सेशन उघडते. सेशन म्हणजे आपल्या नावाची नोंद. काम करणारा हात वेगळा, तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून मिळतो. पोस्टग्रेस (१९८६ साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पाचे हे अपत्य) प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस देते. म्हणजे आलेल्या प्रत्येकाला वेगळी खोली आणि वेगळा कारकून! थाट महागडा, म्हणून मुळात सहसा १०० जोडण्यांचीच मुभा. मायएसक्यूएलमध्ये प्रोसेस एकच, आत प्रत्येक जोडणीला एक थ्रेड. एकच दालन, टेबले अनेक. स्वस्त पडते, मात्र छप्पर कोसळले तर सगळ्यांच्याच डोक्यावर. ओरॅकल लिनक्सवर सहसा प्रोसेस वापरते आणि विंडोजवर थ्रेड.

खोल्या वेगळ्या असल्या तरी पोस्टग्रेसचे दप्तर सामाईक मेमरीत असते. एखादी प्रोसेस दांडगाईने मारली, तर दप्तर बिघडले असेल या भीतीने ते बाकीच्यांनाही बाहेर काढते.

आता अडते कुठे ते पाहा. कुणीतरी नोंदीत दुरुस्ती सुरू करतो आणि कमिट न करताच जेवायला जातो. त्याची प्रोसेस जिवंत असते, काहीच करत नसते, पण त्या नोंदीचे कुलूप तिच्याकडे. तीच नोंद बदलू पाहणारे सगळे मागे तिष्ठत. सर्व्हर मात्र ठणठणीत! अशा वेळी सर्रास अख्खा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतात. मग ज्यांचा त्या नोंदीशी संबंधही नाही त्यांची अर्धी कामे वाहून जातात, आणि काणकोणहून दोन बसी बदलून पणजीला आलेला म्हातारा रिकाम्या हाताने परततो.

वास्तविक पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या तक्त्यात ते सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून प्रोसेसच्या क्रमांकासकट दिसते. तेवढे एकच रीतसर संपवले की अर्धवट दुरुस्ती मागे फिरते आणि रांग हलते. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून तर अशा रेंगाळणाऱ्या सेशनला मुदत घालून देता येते. मुळात ती सोय बंद असते. चालू करायला एक ओळ पुरते.