दुष्काळानंतरचं चौथं वर्ष

दिवाळी अंकात ख्रिस्ती माणसाला लिहायला बोलावलं की त्यानं रेव्हरंड टिळकांवर लिहायचं, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’वर लिहायचं, आणि जागा उरलीच तर नाताळच्या फराळावर लिहायचं, असा एक अलिखित करार आहे. संपादकांचा फोन आला तोही याच अपेक्षेनं. मी म्हटलं, मी साहित्यातला नाही. मंडळ्यांची जुनी दप्तरं, बाप्तिस्म्याची रजिस्टरं, पंचांच्या सभांची इतिवृत्तं यांत माझं आयुष्य गेलं. नवी मंडळी वाईट काळात तगते कशी आणि कधी कधी विरून जाते कशी, हा माझा अभ्यास. ते म्हणाले, मग त्यावरच लिहा, फक्त सोपं लिहा. ही अट मी पाळीनच असं नाही.

विषय निघाला की ऐकणारा पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो: ‘म्हणजे दुष्काळात धान्य देऊन बाटवलं ते ना?’ विचारणारा बहुधा सुशिक्षित असतो आणि त्याचा हेतूही वाईट नसतो. माझ्या पणजोबांचं नाव नेवासे तालुक्यातल्या एका जुन्या रजिस्टरात आहे, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्याच घरातल्या माणसानं किती पायली ज्वारी घेतली असं तो विचारतोय, हे माझ्या मनात येतं आणि मी विषय बदलतो. इथं बदलत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन मराठी मिशनची माणसं अहमदनगरला आली डिसेंबर १८३१ मध्ये. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या कागदांत ते अहमदनगरच आहे, म्हणून तसंच लिहितो. ग्रेव्हज, हर्वी आणि रीड हे ते तिघे. पुढच्याच वर्षी हर्वी पटकीनं गेले. १८३३ मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्यात कोण होतं? मिशननं चालवलेल्या अनाथगृहातले आंधळे-पांगळे, म्हातारे, गावानं टाकलेले. त्यांच्या जोडीला बाबाजी नावाचे एक ब्राह्मण. तिचा आधार असलेले हे बाबाजीही त्याच वर्षी पटकीनं वारले. आजचा कोणी सल्लागार त्या मंडळीकडे पाहता तर त्यानं तिला वर्षभराचंही आयुष्य दिलं नसतं. त्यात १८३७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डानं सगळ्या मिशनांच्या खर्चाला कात्री लावली. आपल्याकडच्या मंडळीचं भवितव्य सातासमुद्रापलीकडच्या बँकांवर टांगलेलं असणं हे तेव्हापासूनचं दुखणं आहे.

१८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण या ब्राह्मण भावांनी बाप्तिस्मा घेतला, आणि शहरात खळबळ माजली. पण मंडळी वाढली ती ब्राह्मणवाड्यात नाही, गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या महारवाड्यांत वाढली. खोकर, पाचेगाव, देडगाव, चांदे, शिंगवे, वडाळा. एसटीच्या पाट्यांवर वाचून आपण जी गावं विसरतो, ती आमच्या इतिहासातली मोठी नावं आहेत. संकट तिथं रोजचं होतं. बलुतेदारीत महाराच्या वाट्याला गावकीची जी कामं येत, त्यातली काही देवळाशी, जत्रेशी, देवीच्या गाड्याशी जोडलेली असत. ख्रिस्ती झालेला माणूस ती करायला नकार देई. मग सुगीच्या वेळी खळ्यावर त्याचं बलुतं नाकारलं जाई. पाण्याची अडवणूक होई, सोयरिकी मोडत. वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा एकविसावा कायदा झाला होता, पण कायदा मुंबईच्या कोर्टात होता आणि खळं पाटलाच्या नजरेखाली. बाप्तिस्म्यानं माणसाला धान्य मिळायचं म्हणतात; मी वाचलेल्या कागदांत ते बंद झाल्याच्या तक्रारी जास्त आहेत.

आता दुष्काळ. संपादक इथला मजकूर कापतील तर त्यांची मर्जी.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. सरकारी कामांवर मजुरी कमी करत करत सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जुजबी पैसे इथवर आणली, तेव्हा मजुरांनी कामंच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. याच काळात आणि लगेच नंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्म्यांचे आकडे एकदम चढले. टीकाकार हे आकडे दाखवतात आणि म्हणतात, बघा. उत्साही ख्रिस्ती लेखक तेच आकडे दाखवतात आणि म्हणतात, बघा, केवढी जागृती! दोघांनीही एकाच रकान्यात बोट ठेवलेलं असतं.

जुन्या रजिस्टरात रकाने निदान तीन पाहायचे. माणूस उमेदवार म्हणून केव्हा आला. बाप्तिस्मा केव्हा झाला. आणि प्रभुभोजनाच्या मेजावर, म्हणजे पूर्ण सभासदांत, त्याला केव्हा घेतलं. नगरचं अमेरिकन मिशन काँग्रिगेशनल परंपरेतलं. त्या परंपरेत माणसाची आधी चौकशी होई: दारू सुटली का, दुसरी बायको आहे का, जातीबाहेरच्या भावाबरोबर जेवतो का. महार आणि मांग यांनी एका पंगतीला बसायचं हा त्यातला सर्वांत अवघड पेपर होता, आणि त्यात नापास झालेले पुष्कळ आहेत. जिथं आधी महार मंडळीत आले तिथं मांगांना आत घेताना ख्रिस्ती महारांनीच नाकं मुरडली, हे मी जाहीर व्याख्यानांत सांगतो तेव्हा पुढच्या रांगेतले काही जण उठून जातात. त्याच जिल्ह्यात १८७० च्या दशकात एस.पी.जी. हे अँग्लिकन मिशनही आलं. त्यांची पद्धत वेगळी: आधी आत घ्या, मग शिकवा. दोन मिशनांत माणसांवरून आणि गावांवरून चांगलीच जुंपली. म्हणजे ‘दुष्काळातले बाप्तिस्मे’ ही एक वस्तू नव्हेच. कोणत्या मिशनचं रजिस्टर उघडलंय त्यावर अर्थ बदलतो, आणि एवढं साधं कलम आमच्या शोधनिबंधांतसुद्धा पाळलं जात नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी: मी दुष्काळाचं वर्ष पाहतच नाही, त्यानंतरचं चौथं पाहतो. पाऊस परत आलेला असतो, मदतकेंद्र बंद झालेलं असतं, गावचा पाटील पुन्हा बलुतं द्यायला तयार असतो, अट एवढीच की जत्रेत ये. त्या वर्षी मेजावर किती जण उरले? काही गावांत यादी निम्म्यावर येते. काही गावांत ती हलत नाही. ज्या गावांत हलत नाही, तिथं मला जवळपास दर वेळी एक पंतोजी सापडतो, म्हणजे शाळामास्तर आणि सुवार्तिक एकाच अंगरख्यात. तो गावातच राहिलेला असतो, दुष्काळात त्याचीही पोरं उपाशी राहिलेली असतात. कागदावरून एवढंच म्हणता येतं. यापलीकडे विश्वास मोजायचं माप माझ्याकडे नाही, आणि जे ते आपल्याकडे आहे असं सांगतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

जालन्याला नारायण शेषाद्रींनी वेगळा मार्ग काढला. शेषाद्री म्हणजे तेच, ज्यांचा धाकटा भाऊ श्रीपत १८४३ मध्ये कोर्टानं आईवडिलांकडे परत सोपवला आणि ज्याला जातीत परत घेण्यावरून बाळशास्त्री जांभेकरांना धर्ममार्तंडांशी भांडावं लागलं. हैदराबादच्या सालारजंगांकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गावच वसवलं. छळ नाही, बलुत्याची लाचारी नाही, स्वतःची विहीर. दमछाक झालेल्या नव्या ख्रिस्ती माणसाला याहून काय हवं? तरी मी नगरच्या बाजूचा. वेगळ्या वसाहतीतली मंडळी सुरक्षित असते, पण शेजाऱ्यांशी तिचं भांडणही उरत नाही आणि बोलणंही उरत नाही. अर्थात हे म्हणताना मी पंख्याखाली बसलेलो असतो, आणि माझ्या विहिरीला कोणी काटे लावलेले नसतात.

पैशाचा प्रश्न यातूनच निघतो. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांचं सूत्र तीन कलमी: मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण करावा, आपला प्रसार आपण करावा. इंग्रजी शाळांवर खर्च नको, गावोगाव लहान मंडळ्या करा, त्यांच्यावर देशी पाळक नेमा. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्येच पाळकपदाची दीक्षा मिळाली. वर्गात हे सूत्र मी इतकी वर्षं इतक्या प्रेमानं शिकवलं की विद्यार्थी माझी नक्कल करतात. पण त्याची दुसरी बाजू त्याच दप्तरांत आहे. ‘आपला खर्च आपण’ हे तत्त्व बोस्टनला नेमकं तंगीच्या वर्षी जास्त आठवे. देशी पाळकाचा पगार मिशनरीच्या पगाराच्या जवळपासही नसे, आणि तोही वर्गणी जमली तर. कापणीच्या सणाला ज्वारी, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे यायच्या आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. आजही खेड्यांत होतो, आणि मला तो फार आवडतो. पण कोंबडीच्या लिलावावर पाळकाच्या मुलीचं शिक्षण होत नाही. स्वावलंबनाचं कौतुक करणाऱ्यांत पाळकांच्या बायका मला अजून भेटलेल्या नाहीत.

टिळकांचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी, तो याच गुंत्यातून. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. कवी म्हणून त्यांना सगळे डोक्यावर घेतात, पण मंडळी उभी करणारा माणूस म्हणून त्यांच्या या शेवटच्या प्रयोगाचा हिशेब अजून नीट मांडलेला नाही.

हे प्रश्न अजून संपलेले नाहीत. चाकणच्या बाजूला एमआयडीसीच्या पट्ट्यात एक तरुण मंडळी आहे. नगर, बीड, जालन्याकडून कंपन्यांत आलेली कुटुंबं, बरीचशी कंत्राटी. भाड्याचा हॉल, एक कीबोर्ड, प्लास्टिकच्या खुर्च्या. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत सगळं बंद झालं. प्रार्थनास्थळं पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. तोवर हॉल गेला होता, निम्मी कुटुंबं गावी गेली होती, आणि परदेशातल्या ज्या संस्थेनं सुरुवातीला मदत केली होती तिनं एका मेलमध्ये हात वर केले होते. बंदीच्या काळात मंडळीनं धान्याची किटं वाटली, शेजारच्या चाळीतल्या सगळ्यांना, धर्म न विचारता. त्यावरून पुढं आरोप झाले, एकदा पोलीसही येऊन गेले. आणि त्याच किटांमुळे काही नवी माणसं उपासनेला येऊ लागली. पाळक मला म्हणाले, ‘सर, सलाम. ही माणसं लगेच बाप्तिस्मा मागतायत. देऊ का?’

मी सांगितलं, थांबा. दीडशे वर्षांच्या दप्तरांचा आधार देऊन सांगितलं. अर्ज घ्या, कायद्यानं जे करायचं ते करा, वर्ष-दोन वर्षं शिकवा, मदतीची यादी आणि उमेदवारांची यादी वेगवेगळ्या माणसांच्या हाती ठेवा. त्यांनी ऐकलं. वाट पाहून कंटाळलेले काही जण मोठ्या स्टेजच्या, मोठ्या स्पीकरच्या दुसऱ्या मंडळीत गेले. माझा सल्ला शास्त्रशुद्ध होता याबद्दल मला शंका नाही. पण १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशननं जी अनाथ मुलं उचलली, त्यांना कुणी ‘आधी वर्षभर थांबा’ म्हटलं नव्हतं. जेवण, छप्पर, शाळा, प्रार्थना सगळं एकाच ताटात वाढलं गेलं. माझ्या कसोटीवर तो प्रकार सपशेल बाद ठरायला हवा. प्रत्यक्षात त्या मुलांतून पुढं शिक्षक झाले, नर्सबाई झाल्या, सुतार झाले, पाळक झाले, आणि आमच्या कितीतरी मंडळ्यांचे वडील त्यांचेच नातू-पणतू आहेत. हे माझ्या सिद्धान्तात बसत नाही. मी ते तळटीपेत टाकत आलो आहे.

चाकणच्या मंडळीचा सध्याचा वाद पगाराचा आहे. पाळक कंपनीत क्वालिटी विभागात पाळीत काम करतात आणि नोकरी सोडायला तयार नाहीत. मी पंचांना लिहून दिलं की मंडळीनं त्यांना पूर्ण पगार द्यावा, नाहीतर ती कायम अर्धवट राहील. खजिनदारबाईंनी, त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात, माझं पत्र सभेत मोठ्यानं वाचलं आणि विचारलं की हॉलचं डिपॉझिट कुठून आणायचं ते सरांनी लिहिलेलं नाही. ठराव बारगळला. पाळक म्हणतात, आपले जुने पंतोजीसुद्धा शाळा सांभाळूनच मंडळी चालवत होते ना? ते उदाहरण त्यांना मीच दिलं होतं. पुढची सभा दिवाळीनंतर आहे. मला बोलावलंय, मतदानाचा हक्क मात्र दिलेला नाही.